स्वतःलाच घातलेले प्रश्न

मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं देशातल्या या सर्वांत श्रीमंत पालिकेत एक अजब रीत चालली. रस्त्याचं, पुलाचं किंवा नाल्याचं मोठं काम काढायचं, की आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि स्थायी समितीच्या जागी प्रशासक म्हणून त्यावर मंजुरीची सही करायची. मागणाराही तोच आणि देणाराही तोच. 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांच्या वर गेला, आणि त्या आकड्यावर सभागृहात उभं राहून ‘हे कशासाठी?’ असं विचारणारं एकही माणूस नव्हतं, कारण सभागृहच नव्हतं.

हे चोरूनमारून झालं नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते, तारखा पडत होत्या. नवी मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर या शहरांत तर 2020 पासूनच प्रशासक बसले होते. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं 74 व्या घटनादुरुस्तीने 1992 मध्येच लिहून ठेवलं होतं. ते कागदावर राहिलं. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महानगरपालिकांसाठी मतदान झालं.

या सगळ्या काळात नागरिक फारसे हळहळले नाहीत, ही गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. ‘नगरसेवक नाहीत तेच बरं, टक्केवारी तरी थांबली,’ असं सोसायटीच्या फाटकाशी आणि चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू येत होतं. या बोलण्यात कडवटपणा आहे आणि त्यामागे अनुभवही आहे. म्हणून ते बाजूला न सारता त्याच्या टोकापर्यंत जाऊन पाहावं. समजा, प्रशासक अगदी निष्कलंक आहे, विद्वान आहे, झटून काम करणारा आहे. प्रत्येक फाइलवर सही करण्यापूर्वी तो स्वतःलाच दहा प्रश्न विचारतो, स्वतःची गय करत नाही. मग दुसऱ्या कुणी त्याला प्रश्न विचारला नाही, तर बिघडतं काय?

वरवर पाहता हा नगरविकास खात्याचा विषय. पण त्याची मुळं धर्मविचारात आहेत. आपल्या मनाला साक्ष ठेवून वागावं, देव सगळं पाहतो, अंतरात्म्याला फसवता येत नाही, ही शिकवण मराठी माणसाला घरातच मिळते. चांगल्या माणसाची खूण म्हणून आपण हेच सांगतो, की त्याला कुणी विचारायची गरज पडत नाही. त्यामुळे एखाद्या सज्जन अधिकाऱ्याला भर सभेत जाब विचारणं हा आपल्याला त्याचा अपमान वाटतो. प्रश्न म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे पाप, असा हिशेब मनात कुठेतरी पक्का बसलेला आहे.

मनाला साक्ष ठेवणाऱ्या राज्यकर्त्याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रामाणिक उदाहरण दगडावरच कोरलेलं आहे. सम्राट अशोकाच्या सहाव्या शिलालेखात राजा सांगतो, की मी जेवत असेन किंवा अंतःपुरात असेन, प्रजेचं काम कधीही आणि कुठेही माझ्या कानावर घातलं जावं. माझ्या तोंडी आज्ञेवरून परिषदेत वाद झाला, तर तोही लगेच कळवावा. आणि हे सगळे कष्ट कशासाठी, तर प्राणिमात्रांच्या ऋणातून मोकळं होण्यासाठी. राज्य करणं म्हणजे कर्ज फेडणं, ही कल्पना सव्वादोन हजार वर्षांनंतरही ताजी वाटते. मुंबईच्या उंबरठ्यावर, सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. त्यांतल्या आठव्या लेखात राजाच्या धर्मयात्रेचं वर्णन आहे. ब्राह्मण-श्रमणांना भेटणं, वृद्धांना दान, जनपदातल्या लोकांचं दर्शन, त्यांना धर्माचा उपदेश आणि धर्माविषयी विचारपूस. या विचारपुशीत कोण कुणाला विचारत होतं, हे लेखात स्पष्ट नाही. राजा सोबत सैनिक घेऊन आला असेल, तर उत्तर फार अवघड नसावं.

अशोकाची अडचण इथेच आहे. ऋण आहे हे त्याने मान्य केलं, पण ते किती आणि फिटलं की नाही, हे ठरवणाराही तोच. कर्जदारानेच सावकाराची वही लिहावी, तसा हा प्रकार. ही फट जुन्या काळातही काहींना दिसली होती. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला मुदत संपताना हिशेबतपासणीला सामोरं जावं लागे आणि त्यातून पुजारीही सुटत नसत. देवाचं काम केलं म्हणून माणसांना उत्तर द्यायला नको, ही सबब तिथे चालली नाही. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिरात परांतक चोळाच्या काळातला, इसवी सन 920 च्या सुमाराचा लेख आहे. गावसभेच्या समित्यांवर चिठ्ठ्या टाकून माणसं कशी निवडायची, याचे नियम त्यात दिले आहेत. आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र. इतकंच नाही, त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. हा दुसरा भाग आजच्या कायद्यात आणायचं ठरलं, तर किती घराण्यांची पंचाईत होईल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

पण प्रश्न विचारून घेण्याला साधनेचा दर्जा दिला तो बौद्ध संघाने. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि तीन महिन्यांनी आश्विन पौर्णिमेला संपतो. विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं, समारोपाला कार्यक्रम होतो, भोजनदान होतं. या समारोपाच्या मुळाशी ‘पवारणा’ नावाचा विधी आहे. भिक्षूने संघापुढे उकिडवं बसून, हात जोडून तीनदा विनंती करायची: माझ्यात जे काही दोषास्पद तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा ज्याचा तुम्हाला संशय आला असेल, ते माझ्यावर दया करून सांगा. दिसलं की मी सुधारीन. पाहिलेलं आणि ऐकलेलं ठीक आहे, पण संशयसुद्धा! ज्या संशयाला आपण अपमान समजतो, त्याला इथे स्वतः होऊन आमंत्रण दिलं आहे. आणि सुरुवात सर्वांत नव्या भिक्षूपासून होत नाही, ती सर्वांत ज्येष्ठापासून होते. पदाने जो मोठा, त्याने आधी हात जोडायचे.

हा विधी का घालून दिला गेला, याची विनयपिटकातली कथा प्रशासकांच्या काळात मुद्दाम आठवावी अशी आहे. कोसल देशात काही भिक्षू एकत्र वर्षावासाला राहिले. भांडणं होऊ नयेत, तीन महिने सुखाने जावेत, म्हणून त्यांनी आपसात ठरवलं की कुणी कुणाशी बोलायचंच नाही. आधी आलेल्याने आसनं मांडायची, पाणी भरायचं, मागून येणाऱ्याने झाडलोट करायची. मदत लागली तर हाताने खूण करायची. कामं चोख झाली, तंटा झाला नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला बुद्धाकडे गेले आणि मोठ्या समाधानाने त्यांनी हे सांगितलं. बुद्धाने त्यांना धारेवर धरलं. हे तर जनावरांसारखं राहणं झालं, आणि त्यालाच तुम्ही सुखाने राहिलो म्हणता! असं मौन त्याने संघाला निषिद्ध केलं आणि पवारणेचा नियम घालून दिला.

या कथेत कुणी चोरी केली नव्हती, कुणी आळशीपणा केला नव्हता. कारभार सुरळीत चालला होता. ‘सभागृह नसलं की कामं वेगाने होतात’ या वाक्यात जेवढं सुख आहे, तेवढं सगळं त्या विहारात होतं. तरी ते चुकलं, कारण एकमेकांना सांगायची आणि विचारायची वाटच त्यांनी बुजवून टाकली होती. आणि बुद्धाने स्वतःला या नियमातून वगळलं नाही. संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात पवारणेच्या रात्री तो पाचशे भिक्षूंपुढे विचारतो, की माझ्या कायेत किंवा वाचेत तुम्हाला काही निंद्य दिसतं का? सारिपुत्त उठून ‘नाही’ म्हणतो. उत्तर काय येणार, हे बहुधा सगळ्यांना माहीत होतं. तरी प्रश्न विचारला गेला. ज्याला बोधी झाली, त्याने सुद्धा स्वतःच्या शुद्धीचा दाखला स्वतःकडून घेतला नाही, ही या प्रसंगातली मोलाची गोष्ट.

25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षुसंघांच्या याच सभाशास्त्राकडे बोट दाखवलं होतं. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव हे सगळं संघाला ठाऊक होतं आणि बुद्धाने ते त्या काळच्या राजकीय सभांकडून घेतलं असावं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे सभागृहाची शिस्त आधी राजकारणातून धर्मात गेली, तिथे टिकली, आणि राजकारणातून मात्र पुसली गेली. नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर बसलेला माणूस नकळत एका फार जुन्या विहाराच्या नियमांवर बसलेला असतो.

आता अडचणी. प्रश्न विचारायची परवानगी असणं वेगळं आणि प्रश्न विचारता येणं वेगळं. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला चर्चेचं आमंत्रण देतो. नागसेन आधी अट घालतो. पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर मी तयार आहे, राजांसारखी करणार असशील तर नाही. पंडित एकमेकांना खोडून काढतात, चूक निघाली तर मान्य करतात आणि रागावत नाहीत. राजे आपलं म्हणणं मांडतात आणि जो ते मान्य करत नाही, त्याला शिक्षा करतात. आजच्या सभागृहात शिक्षा वेगळ्या असतात. प्रभागाचा निधी अडतो, कामाची फाइल सापडत नाही, पुढच्या वेळी तिकीट कापलं जातं. म्हणून अनेक नगरसेवक सभेत आवाज चढवतात आणि नंतर साहेबांच्या दालनात जाऊन हळू आवाजात मिटवतात.

शिवाय प्रश्न कुठवर न्यायचा, हा झगडा बृहदारण्यक उपनिषदाइतका जुना आहे. जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला विचारत जाते, की हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? वायू कशात? एकेक पायरी वर चढत ती ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो, की अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी बसते. पण थोड्या वेळाने, सभेची परवानगी घेऊन, ती पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. या सभेत तिने केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच म्हणावी लागेल. ब्रह्माच्या बाबतीत याज्ञवल्क्याचं कदाचित बरोबर असेल. शेवटच्या आधाराच्याही खाली आधार विचारता येत नसेल. पण महापालिकेत अतिप्रश्न नावाची गोष्ट नसते. रस्ता खचला तर ठेकेदार कोण, ठेका कुणी दिला, सही कुणाची, सही करताना पुढे काय कागद होते, हे विचारत गेलं की साखळी कुठेतरी मतदारापाशीच येऊन थांबते. तिथे डोकं गळून पडण्याचं कारण नाही.

इंग्रज सरकारला गार्गीची भीती नीट कळली होती. 1892 च्या कायद्याने विधिमंडळातल्या सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क दिला, पण उपप्रश्न विचारायचा नाही. साहेबाने तयार उत्तर वाचलं की विषय संपला. उपप्रश्नाची सवलत 1909 च्या कायद्याने दिली, तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. आयतं लिहून आणलेलं उत्तर कसं आहे, हे दुसऱ्या प्रश्नालाच कळतं. ‘माहिती घेऊन सांगतो’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘तपासून घेऊ’ या तीन वाक्यांवर आपल्याकडे किती पालिका वर्षानुवर्षं चालल्या, ते पाहिलं की 1892 चा कायदा अजून लागू आहे की काय, असं वाटतं.

या मराठी सभागृहांच्या इतिहासात एक माणूस वेगळा उभा आहे. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. बाकी सगळे अनुकूल होते. एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

जोतीराव स्वतः बांधकामाच्या ठेकेदारीत होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. ठेका कसा मिळतो, बिल कसं फुगतं आणि अधिकारी कुठे हात ओले करतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्याच माणसाने पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला, ज्यात निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये कुठलाही दलाल नाही. ही दोन कामं वेगळी नव्हती. जो भटजीला विचारतो, की तुला मध्ये कुणी बसवलं, तोच नगरपालिकेच्या अध्यक्षाला विचारतो, की हे हजार रुपये कुणाचे? देवाच्या नावाने उत्तर टाळणारा आणि लाटसाहेबाच्या नावाने उत्तर टाळणारा, दोघे त्यांच्या लेखी एकाच वर्गातले.

मत वाया गेलं, असं म्हणावं का? फळावर मोजलं, तर गेलं. पण त्या सभेत विरोधी मत नसतं, तर खर्च ‘सर्वानुमते’ झाला असता, आणि प्रश्न विचारण्यासारखं काही होतं, हे नंतर कुणाला कळलंही नसतं. एकाच विरोधी मतामुळे निर्णय हा निर्णय ठरला, रिवाज राहिला नाही. पुण्याच्या भव्य मंडईच्या खर्चालाही जोतीरावांचा विरोध होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. माणसाचा प्रश्न विसरायचा आणि त्याचं नाव इमारतीला द्यायचं, ही आपली जुनी कला आहे.

ही कला किती फोफावली, त्याचा पुरावा प्रजा फाउंडेशनच्या अहवालांत मिळतो. मुंबईच्या नगरसेवकांनी सभागृहात आणि समित्यांत विचारलेल्या प्रश्नांची ही संस्था वर्षानुवर्षं मोजदाद करत आली. पाणी, कचरा, आरोग्य, शाळा यांना मागे टाकून रस्ते आणि चौकांच्या नामकरणाचे विषय यादीत पुन्हापुन्हा वर आलेले दिसतात. डिसेंबर 2005 मध्ये तर प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून 11 खासदारांना संसदेतून काढून टाकावं लागलं. म्हणजे प्रश्नही विकत मिळतो. ‘आयत्या वेळचे विषय’ या नावाखाली कोट्यवधींचे ठराव पाच मिनिटांत कसे पार होतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालिकेचा वार्ताहर सांगेल. टपरीवरच्या कडवटपणाला आधार आहे तो इथे.

मग अशा सभागृहाची आठवण कशाला काढायची? न्यायसूत्रकार गौतमाने वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त पाडायची ती वितंडा. नगरपालिकेत पहिला प्रकार दुर्मीळ आणि बाकीचे दोन मुबलक, यात शंका नाही. पण गौतम जल्प-वितंडांना हाकलून देत नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतात, तसा सत्याच्या रक्षणासाठी त्यांचाही उपयोग आहे, असं तो म्हणतो. विरोधी गटाचा नगरसेवक स्वार्थाने, सूडाने, प्रसिद्धीसाठी विचारत असेल. तरी त्याने विचारलेला आकडा इतिवृत्तात नोंदला जातो आणि उत्तर देणाऱ्याला तो मागून बदलता येत नाही. प्रशासकाच्या मनातल्या अत्यंत शुद्ध प्रश्नाची मात्र कुठेही नोंद होत नाही. सभागृहाला संत लागत नाहीत. ते संतांशिवाय चालावं, यासाठीच बांधलेलं असतं.

स्वतःला प्रश्न विचारून कारभार चालतो, याचं एक उदाहरण मात्र महाराष्ट्रात आहे आणि ते टाळता येणार नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली. वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला, तर विषय थांबतो. मागणारे तेच, देणारे तेच, उत्तर द्यायचं तेही स्वतःलाच.

पण मेंढ्याचं ‘स्वतः’ म्हणजे अख्खं गाव आहे, बायामाणसांसकट. आणि त्यांनी विचारण्याची आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे अभ्यासगट सुरू झाले. अभ्यासगटात कितीही प्रश्न विचारावेत, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, वाद घालावा, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. तिथे एखादी म्हातारी ‘मला पटलं नाही’ म्हणाली, तर फुल्यांच्या वाट्याला आलं तसं तिच्या वाट्याला एकटेपण येत नाही. तिच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं. दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या मुंबईत हे जमणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच मुंबईला 227 नगरसेवक लागतात. त्यांच्याविना आयुक्ताने स्वतःला विचारणं आणि मेंढ्याने स्वतःला विचारणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

सज्जन प्रशासकाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. त्याची सदसद्विवेकबुद्धी खरी असेल, पण ती त्याची खाजगी गोष्ट आहे आणि रस्ता सार्वजनिक आहे. ज्याच्या दारासमोरचा नाला तुंबतो, त्याला साहेबांचं मन शुद्ध होतं की नाही, याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला उत्तर हवं असतं, आणि ते चारचौघांत दिलेलं हवं असतं. म्हणून चार वर्षं कामं झाली असं मान्य केलं, तरी कारभार झाला असं म्हणता येत नाही.

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. प्रत्येक प्रभागात निवडून आलेला माणूस आहे आणि त्याच्या कार्यालयाची पाटी रस्त्यावर दिसते. वाचकांनी एक करावं. नाव कुठल्या चौकाला द्यायचं, याच्या निवेदनाऐवजी गेल्या तीन महिन्यांत सभेत कोणता प्रश्न विचारलात आणि उत्तर काय मिळालं, एवढंच त्याला विचारावं. त्याने ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हटलं, तर माहितीच्या अधिकाराच्या साध्या अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सभेचं इतिवृत्त मागवावं आणि ते घेऊन पुन्हा त्याच्याकडे जावं.